धुऱ्यावरची घरटी

एप्रिल लागला की नांदेडच्या बाजारात कूलरच्या ताट्यांचे गवत दिसू लागते, लातुरात टँकरवाल्यांचे फोन लागेनासे होतात आणि आमच्या ओळखीतला प्रत्येक माणूस आम्हाला तोच प्रश्न विचारतो: या उन्हात कसले पक्षी बघता? पक्षी बघायचे ते डिसेंबरात, असा सगळ्यांचा समज आहे, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. हिवाळ्यात विष्णुपुरीच्या जलाशयावर दूरदेशीची बदके उतरतात, शाळांच्या सहली निघतात. मार्च सरता सरता ते पाहुणे निघून जातात आणि लोक दुर्बीण कपाटात ठेवून देतात. पण पाहुणे गेले तरी घरची माणसे घरातच असतात. दयाळ, चिरक, बुलबुल, चंडोल, हळद्या, कोतवाल, शिंजीर हे आपल्या मराठवाड्याचे रहिवासी. त्यांचा संसार मांडण्याचा काळ नेमका हाच. डिसेंबरात झुडपाखाली गुपचूप किडे वेचत फिरणारा दयाळ एप्रिलमध्ये विजेच्या खांबाच्या टोकावर बसून अर्धा-अर्धा तास गातो.

आम्ही म्हणजे कुठली संस्था वगैरे नाही. नांदेडचे दोन शाळामास्तर, लातूरच्या एका दाल मिलमधले मुनीमसाहेब, त्यांच्या घरातल्या नणंद-भावजय आणि सुट्टी लागलेली चार-पाच पोरे. सगळ्यांत मिळून दोन दुर्बिणी. वेळ एकच, फजरनंतरची. अलीकडच्या वर्षांत रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. तो सरला तरी सहरीच्या वेळेला जाग येण्याची सवय आठ-पंधरा दिवस टिकते, आणि आमचा हंगाम त्या सवयीवरच सुरू होतो. मे महिन्यात आपल्याकडे पावणेसहाच्या आसपास सूर्य वर येतो. फजरची नमाज आणि सूर्य वर येणे यांच्यामधला जो वेळ आहे, त्यात सगळ्यात जास्त गाणे असते. वारा पडलेला असतो, आवाज लांबवर जातो, आणि किडे दिसण्याइतका उजेड नसल्याने पक्ष्याला दुसरे कामही नसते. आठनंतर माळावर उभे राहणे माणसालाही जमत नाही आणि पक्षीही सावली धरतात.

गाणारे पक्षी म्हटले की लोक आधी कोकिळेचे नाव घेतात. गंमत अशी की शास्त्राच्या वर्गवारीत कोकिळा ‘गाणाऱ्या पक्ष्यां’त मोडतच नाही, आणि कावळा मोडतो. वर्गवारी कंठाच्या रचनेवरून ठरते, गोडव्यावरून नाही. शिवाय तो कुहूकुहू नराचा असतो. मादी नुसती किक-किक करते आणि कावळ्याच्या घरट्यात अंडे घालून मोकळी होते. आपल्या घराघरांत ज्याचे नाव माहीत आहे तो हजरत सुलेमानांचा हुदहुदही या यादीत नाही. उन्हाळ्यात तोही जुन्या भिंतींच्या भोकांत घर करतो, पण त्याचे हूप-हूप हे शास्त्राच्या लेखी गाणे नव्हे. बुलबुलची गोष्ट आणखी वेगळी. उर्दू शायरीत गुलाबासाठी रडणारी बुलबुल फारसीतून आलेली. ती इराणातली, तपकिरी रंगाची, रात्री गाणारी, वेगळ्याच जातीची. आपल्या अंगणातला लालबुड्या बुलबुल तिचे फक्त नाव घेऊन बसला आहे. गुलाबापेक्षा त्याला पपई जास्त आवडते.

नांदेडमध्ये आमची नेहमीची जागा विष्णुपुरीकडचा माळ. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या बाजूने पुढे गेले की मुरमाड चढउतार लागतात, वाळलेले गवत, मधूनमधून हिवर आणि तरवड. पहिल्यांदा येणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही. मग कुठून तरी बारीक शीळ येते. वर पाहिले तर चिमणीएवढा पक्षी पंख फडफडवत सरळ वर चाललेला असतो, जणू कुणी दोरीने ओढतो आहे. चांगला उंच गेला की पंख मिटून दगडासारखा खाली पडतो, पडता पडता पंख उघडतो, थोडा वर उसळतो, पुन्हा पडतो. दरवेळी एक लांब शीळ. शेवटी एखाद्या ढेकळावर येऊन बसतो तेव्हा राखी डोके आणि काळे पोट दिसते. हा चंडोलांतलाच एक. काही जण त्याला डोंबारी म्हणतात, आणि पोरांना ते नाव एकदा सांगितले की पुन्हा सांगावे लागत नाही. मादी मातकट, ती जवळच कुठेतरी बसलेली असते. घरटे म्हणजे ढेकळाच्या किंवा गवताच्या आडोशाला वाटीएवढा खळगा, आत दोन-तीन ठिपक्याठिपक्यांची अंडी. त्यावर ना फांदी, ना छत. दुपारी बेचाळीस अंशांत पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नाही, सावली धरायला.

त्याच माळावर तुरेवाला चंडोलही आहे, बहुतेक साइक्सचा. कर्नल साइक्स हा इंग्रज अधिकारी दख्खनमध्ये होता आणि 1832 साली त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली; त्याचे नाव या पक्ष्याला लागले. हा चंडोल भारताबाहेर कुठेच सापडत नाही. तो दुसऱ्यांच्या नकला करतो. एकदा आम्ही पाच मिनिटे टिटवी शोधत होतो आणि आवाज काढणारा हा होता.

घरटे शोधायचे कसे, हे विचारणाऱ्याला आम्ही सांगतो की शोधायचे नाही, ऐकायचे. नर गातो तेव्हा तो दुसऱ्या नरांना बजावत असतो की ही जागा माझी आहे, आणि मादीला सांगत असतो की ये. म्हणजे गाणे जिथे रोज त्याच ठिकाणाहून येते, तिथे आसपास घर आहे किंवा होणार आहे. चोचीत गवताची काडी किंवा कोळ्याचे जाळे घेऊन जाणारा पक्षी दिसला की बांधकाम चालू आहे. चोचीत अळी धरून न गिळता इकडेतिकडे बघत बसला असेल तर पिल्ले आहेत. चोचीत पांढरी गोळी घेऊन बाहेर पडला तर पिल्ले नक्की आहेत, कारण ती पिल्लांची विष्ठा असते आणि घर स्वच्छ ठेवण्यासाठी आई-बाप ती लांब नेऊन टाकतात. आणि पक्षी चिर्र चिर्र करून तुमच्याभोवती घिरट्या घालू लागला तर तुम्ही फार जवळ आलात. मागे फिरायचे, तेही त्याच वाटेने. आम्ही थांबतो ते दूरवर, दोन-तीन मिनिटे. आपण जितका वेळ उभे राहू तितका वेळ अंडी उन्हात उघडी राहतात, आणि झाडावरचा कावळा आपल्याकडे बघतच असतो.

मोबाइलबद्दलही इथेच सांगतो. आवाजावरून पक्षी ओळखून देणारे कॉर्नेल विद्यापीठाचे मर्लिन हे अॅप फुकट आहे आणि त्याचा उपयोग होतो. पण आवाज ओळखणे वेगळे आणि मोबाइलवर तोच आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे वेगळे. नराला वाटते दुसरा नर घरात शिरला. तो गाणे, खाणे, पिल्लांना भरवणे सोडून भांडायला धावतो. फोटोसाठी घरट्यापुढची पाने छाटणारे तर आम्ही पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी तिथे ऊन आणि कावळा दोन्ही पोचतात.

पक्ष्यांच्या मागे उन्हातान्हात हिंडणारा मुसलमान माणूस म्हणजे अजब, असे ज्यांना वाटते त्यांना आम्ही डॉ. सालिम अलींची आठवण देतो. मुंबईचे, जन्म 1896. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारत. अशीच एक मारलेली चिमणी नेहमीसारखी वाटेना, गळ्यावर पिवळा ठिपका होता, म्हणून मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सचिवांकडे, मिलार्डसाहेबांकडे, पाठवले. तिथून सगळे सुरू झाले. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी आपल्याकडेही आहे. एप्रिल-मेमध्ये जुन्या झाडांच्या ढोलीत घर करते, आणि नर तासन्‌तास एकच चिवचिव करत बसतो. पुढे 1931-32 मध्ये त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हा नांदेड, उदगीर, औसा हे सगळे त्याच संस्थानात होते. बेगम तहमिना त्या मुक्कामांत त्यांच्या बरोबर असत. त्याच्या आदल्या वर्षी अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीची घरटी बघत बसून त्यांनी शोधून काढले की घरटे नर बांधतो, अर्धे झाले की मादी येऊन तपासते, पसंत पडले तर राहते, आणि मग नर दुसरे बांधायला घेतो. हे त्यांना बंदुकीने कळले नाही, तासन्‌तास बसून कळले. मराठीत ही नावे आपल्याला तोंडपाठ होतात ती मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’मुळे. सोलापूरचे, वनखात्यात आयुष्य गेले, 2025 च्या जूनमध्ये ते वारले.

जिल्ह्यातले खरे जंगल किनवटकडे. मे महिन्यात सागाची पाने गळलेली, पायाखाली पापडासारखी वाजतात. नाल्याकाठी जिथे थोडी सावली आणि डबके उरले आहे तिथेच बसायचे. स्वर्गीय नर्तक तिथे दिसतो, पांढराशुभ्र, शेपटीच्या दोन लांब फिती. विशेष म्हणजे हा नर अंड्यांवरही बसतो, आणि तेव्हा त्या फिती घरट्याबाहेर लोंबत असतात. महिन्याच्या शेवटी नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू आली की पोरे म्हणतात, आता पाऊस. किनवटचे इतके पुरे. तिथे आम्ही वर्षातून एकदा जातो.

आमची मुख्य गोष्ट आहे लातूरकडची.

मुनीमसाहेबांच्या मामूंचे शेत औशाच्या बाजूला आहे. खरिपात सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी. शेताच्या दोन बाजूंना रुंद जुने धुरे, दगड रचलेले, त्यावर बाभळी, लिंब, बोराटी, तरवड. तालुक्यात असे धुरे आता थोडे राहिले आहेत, कारण जमीन इंच इंच नांगरली जाते. गेल्या महिन्यात दोन सकाळी आम्ही त्या धुऱ्याच्या कडेने हळू चाललो. बाभळीवर कोतवालाचे घरटे, दोन फांद्यांच्या बेचक्यात, बशीसारखे. लगतच्या लिंबावर हळद्याचे, झोळीसारखे टांगलेले. हळद्या पुष्कळदा कोतवालाचा शेजार बघून घर करतो. कावळा, शिक्रा काही आले तरी कोतवाल तुटून पडतो, त्याची राखण यालाही मिळते. बोराटीत बुलबुल. आणि दगडांच्या फटीत चिरक. नर काळा, पंखावर पांढरा डाग, शेपटी सतत उभी, तिच्याखाली विटकरी रंग. उत्तरेकडच्या चिरकाची पाठ तपकिरी असते, दक्षिणेकडच्याची काळी. आपण मधोमध, म्हणून आपला चिरक मधल्या छटेचा. मादी अळी घेऊन त्या फटीत शिरताना आम्ही तीनदा पाहिली.

शेजारचा शेतकरी बांधावरून विचारत होता, “काय बघायलाव जी?” पाखरं, म्हटल्यावर त्याने आमच्याकडे जरा काळजीने पाहिले. मग म्हणाला, “बघून घ्या. धुरा पेटवायचाय गुरुवारी.”

आपल्याकडे मे महिन्यात, मृगाच्या आत, रान साफ करायचे असते. तुराट्या, पऱ्हाट्या उपटून झाल्या की धुरा पेटवतात. कारणे खरी आहेत. तण मरते, साप-विंचू कमी होतात, बोराटीचे काटे जातात, आणि पेटवायला एक काडी लागते. मजूर लावून धुरा साफ करायचा तर दिवसाची मजुरी जाते. 2016 सालच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून ज्या लातूरने तहान भागवली, तिथल्या शेतकऱ्याला आपण शहरातून जाऊन पाखरांच्या गोष्टी सांगाव्यात हे आम्हालाही अवघड वाटते. मामूंना सांगितले तेव्हा ते हसले. “अरे बाबा, चिडियां के वास्ते मैं खेती रोकूं क्या? धुरा नै जलाया तो सांपां होतीं.”

मुनीमसाहेबांनी मग दुसरा मुद्दा काढला, आणि तो आम्हाला फार आवडला. तुरीवर आणि हरभऱ्यावर घाटेअळी पडते तेव्हा कृषी खात्याचे लोक सांगतात की शेतात पक्षीथांबे लावा. म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारख्या काठ्या रोवायच्या, त्यावर कोतवाल, चिरक येऊन बसतात आणि अळ्या टिपतात. मामू दर हिवाळ्यात असे थांबे लावतात, बांबू विकत आणून. मुनीमसाहेब म्हणाले, “मामू, जिन के वास्ते तुम कातिक में कुर्सी रखते, उन का घर तुम बैसाख में जलाते.” मामू काही बोलले नाहीत. त्यांनी चहा मागवला.

अंडे घातल्यापासून पिल्लू घरट्याबाहेर पडेपर्यंत या छोट्या पक्ष्यांना साधारण तीन-साडेतीन आठवडे लागतात. अंड्यावर बारा-तेरा दिवस, पुढे दहा-बारा दिवस भरवणे. म्हणजे मागणे फार मोठे नाही. धुरा पेटवायचाच असेल तर फेब्रुवारीत पेटवा, बहुतेक घरटी व्हायच्या आत. नाहीतर एक बाजू या वर्षी, दुसरी पुढल्या वर्षी. मामूंनी शेवटी दक्षिणेकडचा धुरा सोडून दिला. सोडला म्हणजे “इस साल” सोडला. पश्चिमेकडचा गुरुवारी पेटला. तिथे बुलबुलची दोन घरटी होती, एकात पिल्ले होती. नणंद-भावजय त्या दिवशी मुद्दाम गेल्या नाहीत.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि त्यात रानपक्ष्याचे घरटे किंवा अंडी मोडणे हे शिकारीतच धरले आहे. हे आम्ही मामूंना सांगितले नाही. नातेवाइकाला कायदा दाखवला की पुढच्या वर्षी दुसरा धुराही जातो.

शहरातल्या वाचकांना वाटेल, आमच्याकडे ना धुरा ना माळ. पण गेल्या आठवड्यात आमच्याच मोहल्ल्यात एका घराच्या गॅलरीत कपडे वाळत घालायच्या तारेवर शिंजिराच्या मादीने घरटे टांगले. धूळ, कोळ्याचे जाळे, सुकलेली पाने, कागदाचा तुकडा. पाहणाऱ्याला कचरा लोंबतो आहे असेच वाटेल. बांधते ती एकटी, अंड्यांवर बसते ती एकटी. नर निळा-जांभळा चमकत समोरच्या डाळिंबावर गातो, आणि हंगाम संपला की त्याचा तो शाही पोशाखही उतरतो. मग छातीवर एक काळी रेघ तेवढी राहते. त्या घरच्या खालांनी महिनाभरासाठी कपडे गच्चीवर वाळत घालायला सुरुवात केली आहे. गच्चीवर दोन जिने चढावे लागतात आणि त्यांचे गुडघे दुखतात.

पोरांच्या हातात पिल्लू आले की काय करायचे, हा प्रश्न या दिवसांत घराघरांत येतो. प्रवासात असताना साथीदारांनी एका छोट्या पक्षिणीची पिल्ले उचलली, ती वरती फडफडू लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती पिल्ले परत नेऊन ठेवायला सांगितली, ही हदीस मुलांना शिकवलेली असते. पण मोठी माणसेच मग सांगतात की हात लागला की आई घेत नाही. तसे काही नाही. आपल्या हाताच्या वासाने पक्षी पिल्लू टाकत नाहीत. पिसे न फुटलेले पिल्लू पडले असेल तर उचलून घरट्यात ठेवावे. पिसे फुटलेले, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू अनाथ नसते. ते उडायला शिकते आहे आणि आई-बाप जवळच असतात. मांजर तेवढे आत कोंडावे. डब्यात घालून भात-दूध भरवले तर ते दोन दिवसांत मरते.

दक्षिणेकडच्या धुऱ्यावर चिरकाची पिल्ले फटीबाहेर आली, ती आम्ही पाहिली, चार. हळद्याचे अजून कळत नाही. मादी बसलेली दिसते. कोतवाल मामूंच्या कुत्र्याच्या पाठीला चोच मारतो अशी तक्रार आली आहे.

शेतात मधोमध, सोयाबीनच्या धसकटात, डोंबाऱ्याचेही एक घरटे होते. ते वाचवायला आम्ही ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवले, त्याने भल्या माणसासारखा तिथे नांगर उचलून घेतला आणि चटईएवढी जागा सोडली. सगळ्या काळ्या रानात तो एवढाच पिवळा तुकडा. दुसऱ्या दिवशी घरटे रिकामे होते. कावळा असेल, मुंगूस असेल. उघड्यावर एकच झुपका उरला की तो कुणालाही दिसतो. खूण करून वाचवणे प्रत्येक वेळी वाचवणे ठरत नाही, आणि चंडोलासाठी नांगरट चार दिवस पुढे ढकलणे हाच उपाय असावा असे आम्हाला आता वाटते. मामूंशी ते अजून बोललेलो नाही.

परवाच्या रविवारी त्याच नांगरलेल्या रानावर नर पुन्हा वर चढत होता, शीळ घालत पडत होता, पुन्हा चढत होता. या पक्ष्यांचे एक घर मोडले तर ते हंगाम संपायच्या आत दुसरे करतात. मादी कुठल्या ढेकळाआड असेल ते बघायला पोरांना जायचे होते. आम्ही जाऊ दिले नाही. साडेसात वाजले होते, ऊन चढले होते, आणि तिला सावली धरायची होती.